रोलांदबाईंची पाठ आणि व्हेद्रेनची जागा

आमच्या व्हेर्नाक गावात रोलांदबाई शासँ यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची पाठ जास्त प्रसिद्ध आहे. चेहरा दर गुरुवारी बाजारात शेळीच्या चीजच्या मागे दिसतो. पाठ मात्र पार परदेशातल्या महोत्सवांपर्यंत जाऊन आली. गावचे दिग्दर्शक अर्मां व्हेद्रेन यांनी आयुष्यभर जेवढे चित्रपट काढले, त्या प्रत्येकात एक बाई कॅमेऱ्याकडे पाठ करून चालत जाते. कधी हातात बादली, कधी छत्री, एकदा तर काखेत जिवंत बदक. ती बाई म्हणजे रोलांदबाई.

याचं मूळ केसांत आहे. व्हेद्रेन हा खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. पॅरिसला सिनेमा शिकून तो गावात परतला तेव्हा बापाला वाटलं, चला, निदान लग्नाचे फोटो तरी काढेल. मुलाने काढला चित्रपट. त्यात त्याला शेळ्या हाकत जाणारी बाई हवी होती आणि गावात शेळ्या होत्या रोलांदबाईंच्या. त्या तेव्हा ऐन तरुण होत्या आणि फार चिडलेल्या होत्या, कारण त्यांचा नवरा नुकताच गावातल्या केस कापणाऱ्या बाईबरोबर तुलूझला पळून गेला होता. म्हणजे एका फटक्यात नवराही गेला आणि केस सेट करणारीही गेली.

"अशा अवतारात मी तोंड दाखवणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग पाठ दाखवा," व्हेद्रेन म्हणाला.

पाठ दाखवली. पॅरिसच्या एका समीक्षकाने लिहिलं की या पाठीत खेड्यापाड्यांचं सगळं मौन साठलेलं आहे. रोलांदबाईंना ते वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मौन कसलं? मी पूर्ण वेळ शेळीला शिव्या देत होते. आवाज यांनी नंतर काढून टाकला."

तेव्हापासून ही जोडी जमली. जोडी म्हणजे तसली नव्हे. गावाने तसंही बघायचा पुष्कळ प्रयत्न केला, हाती काही लागलं नाही. रोलांदबाई व्हेद्रेनची गाडी चालवायच्या, चित्रीकरणाच्या लोकांना जेवायला घालायच्या आणि दिवसाच्या शेवटी पाठ दाखवायच्या. दोघं एकमेकांना शेवटपर्यंत "तुम्ही"च म्हणत. तो गेल्यावर मात्र त्या त्याला "म्हातारा" म्हणायला लागल्या. एवढी जवळीक त्यांनी त्याला जिवंतपणी कधी दिली नव्हती.

आता त्याच्या चित्रपटांबद्दल. व्हेद्रेनच्या चित्रपटांत जंगल खूप असतं, पण जमीन कधी दिसत नाही. माणसं ओकच्या झाडांतून चालतात, बोलतात, भांडतात, आणि कॅमेरा त्यांच्या छातीपासून वर, पानांतून, आभाळापर्यंत. विद्यापीठांतून यावर प्रबंध झाले आहेत. शिवाय त्याचं चित्रीकरण दर वर्षी उन्हाळा संपताना थांबायचं ते थंडी पडल्यावरच सुरू व्हायचं. पॅरिसच्या निर्मात्यांनी फोन केला की तो सांगायचा, "प्रकाश बरोबर नाही." त्या दिवसांत आमच्याकडचा प्रकाश मधासारखा असतो. पण त्याच दिवसांत अळंबी उगवते.

व्हेर्नाकमध्ये माणूस आपल्या आजाराबद्दल बोलतो, बायकोबद्दल बोलतो, दोन ग्लास झाले तर करचुकवेगिरीबद्दलही बोलतो. सेप जातीची अळंबी कुठे मिळते हे तो सांगत नाही. भावाला सांगत नाही. मरताना एकाच माणसाला सांगतो, तेही खोलीतल्या बाकीच्यांना बाहेर काढून. जंगलात जाताना लोक मोटार भलत्याच ठिकाणी लावतात, टोपली कोटाखाली धरतात, आणि समोरून कोणी आलंच तर कुत्र्याला हाका मारतात, मग घरी कुत्रं असो वा नसो. गावात माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे या सगळ्या टोपल्या शेवटी माझ्या टेबलावर येतात. विषारी एखादी आली आहे का, हे बघायचं काम आमच्याकडे औषधवाल्याचं. मी टोपल्या ओळखतो, जसे शिक्षक अक्षर ओळखतात.

आणि व्हेद्रेनची टोपली म्हणजे काय सांगू. जवळजवळ काळ्या डोक्याची, मुठीसारखी घट्ट, आख्ख्या गावात दुसऱ्या कोणाकडे नसलेली अळंबी. देठांना लालसर माती. एका वर्षी मी त्या मातीकडे जरा जास्त वेळ बघितलं. व्हेद्रेनने माझ्याकडे बघितलं. पुढच्या खेपेपासून देठ सुरीने असे स्वच्छ तासून येऊ लागले की जणू दाढी करून आले आहेत. लाल माती आमच्याकडे पूर्वेच्या डोंगराला मैलोन् मैल आहे, तेव्हा हे वाचून कोणी कोट चढवू नये. मी तो डोंगर सगळा पालथा घातला आहे. मला तिथे गोगलगायी मिळाल्या, आणि एकदा गावच्या महापौर मादाम फार्ज मिळाल्या, कुत्र्याला हाका मारताना. त्यांच्याकडे मांजर आहे.

व्हेद्रेनने आपली जागा रोलांदबाईंना सांगितली हे सगळ्यांना माहीत होतं, कारण तो गेल्यावरच्या हंगामात त्याच काळ्या डोक्यांची टोपली घेऊन त्या माझ्याकडे आल्या. देठ तासलेले. व्हेद्रेनचा पुतण्या जेराल्द, जो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, त्या दिवसापासून काकाच्या फोटोकडे बघेनासा झाला.

या परिस्थितीत पॅरिसहून सोलेन कार्देक आली. व्हेद्रेनचं आयुष्य आणि काम यावर ती माहितीपट करत होती. पस्तिशीची, उंच, पायात चांगले बूट, आणि ऐकताना मान अशी कलती करायची की समोरचा नको ते बोलून जाई. पहिल्याच दिवशी ती बाजारात रोलांदबाईंपुढे उभी राहिली.

"मादाम रोलांद, तुमची पाठ सगळ्यांनी बघितली. मला तुमचा चेहरा हवा आहे."

रोलांदबाईंनी चीज कागदात गुंडाळत तिला आपादमस्तक न्याहाळलं. "मंगळवारी ये," त्या म्हणाल्या. "सोमवारी मला केस करून घ्यायचेत."

मंगळवारी मी त्यांच्या गुडघ्याचं मलम द्यायला गेलो होतो. मलम शनिवारपर्यंत थांबलं असतं तरी चाललं असतं, पण मला उत्सुकता थांबवता आली नाही. स्वयंपाकघरात कॅमेरा लावलेला, ध्वनी घेणारा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, आणि रोलांदबाई अशा केसांत की मी दारात "माफ करा, घर चुकलं" म्हणणार होतो.

"या मस्यू पेराक, बसा," त्या म्हणाल्या. "फक्त श्वास जोरात घेऊ नका, त्या यंत्रात येतो."

सोलेनने पुष्कळ विचारलं. बदक कोणाचं होतं, व्हेद्रेन रागावला की काय करायचा, त्याच्या आईचं घर कोणतं. रोलांदबाई खुशीत सांगत होत्या. मग ती मुद्द्यावर आली. व्हेद्रेनच्या शेवटच्या चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगात कॅमेरा हळूहळू खाली येतो आणि पहिल्यांदाच, एकदाच, जमीन दिसते. एक ओकचं झाड, त्याची एक फांदी खाली वाकून जमिनीला टेकलेली आणि पुन्हा वर गेलेली, टेबलावर कोपर ठेवावा तशी. खाली बर्फ. पांढऱ्यातून रोलांदबाई चालत जातात.

"आयुष्यभर ज्याने जमीन दाखवली नाही," सोलेन म्हणाली, "त्याने शेवटी का दाखवली? मी दोन वर्षं याच एका प्रश्नाभोवती फिरते आहे. मला त्या झाडाखाली तुमच्याशी बोलायचंय. तिथेच माझा चित्रपट संपतो. ते झाड कुठे आहे?"

माझा श्वास नक्कीच यंत्रात आला असणार. ते झाड गावाने पडद्यावर बघितलं त्या दिवशीच सगळ्या सभागृहाने ओळखलं होतं की व्हेद्रेनची अळंबीची जागा हीच. व्हेद्रेन चित्रीकरणासाठी बर्फ पडेपर्यंत थांबला होता, म्हणजे खालची माती दिसू नये. छायाचित्रकार त्याने मुद्दाम बेल्जियमहून आणला होता, जो काम झाल्यावर बेल्जियमला परत जाईल. त्याला तिथे नेताना रोलांदबाईंनी एकाच चौकाला इतक्या फेऱ्या घातल्या की त्या बिचाऱ्याला गाडी लागली.

"झाडं पुष्कळ आहेत," रोलांदबाई म्हणाल्या आणि कॉफीचं भांडं उचललं. "साखर?"

त्या दिवसापासून गाव कलाप्रेमी झालं. जेराल्द, जो काकाच्या प्रत्येक चित्रपटात अर्ध्यावर घोरलेला आहे, बाजारात रोलांदबाईंपुढे टोपी काढून उभा राहिला.

"रोलांदबाई, सांगून टाका तिला. काकाचं नाव होईल. कलेसाठी करा."

"कलेसाठी?"

"कलेसाठी."

"तुझ्या कोटाखालून कलेचं हँडल बाहेर आलंय, ते आत घे आधी."

महापौर मादाम फार्ज यांनी झाडाजवळ नावाची पाटी आणि बसायला बाक अशी योजना मांडली. पाद्री साहेबांनी आशीर्वाद द्यायला यायची तयारी दाखवली. मी स्वतः गुडघ्याचं मलम देताना इतकंच म्हणालो की एवढी मेहनती मुलगी आहे, तिचा चित्रपट शेवटाशिवाय राहणं बरं नव्हे.

"तुम्हीपण का," रोलांदबाई म्हणाल्या. पाय स्टुलावर ठेवला होता आणि गुडघा कणकेच्या गोळ्यासारखा फुगला होता. त्यांनी तो बोटाने दाबून पाहिला. "मस्यू पेराक, खरं सांगा. हा गुडघा अजून किती चढ चढेल?"

"सपाटीवर बराच चालेल."

"सपाटीवर काय उगवतं? बटाटे."

मला त्या दिवशी त्यांची अडचण दिसली. कॅमेऱ्याला जागा दाखवावी तर म्हाताऱ्याने इतकी वर्षं राखलेलं एका हंगामात लुटलं जाणार. न दाखवावी तर त्या मुलीचा चित्रपट अर्धवट. आणि दोन्ही टाळून स्वतःजवळ ठेवावी तर त्यांना ना मूल ना बाळ, ना तिथवर जायला गुडघा. जागा त्यांच्याबरोबरच जाणार. जेराल्दला द्यावी तर तो पहिल्याच वर्षी ट्रॅक्टरने खणून काढेल.

एप्रिलमध्ये बातमी फुटली की रोलांदबाई सोलेनला झाड दाखवायला तयार झाल्या. दोन दिवस त्या, सोलेन आणि तिचे लोक कुठेतरी जाऊन आले. गाडी चर्चजवळ उभी होती, याचा अर्थ ते कुठेही गेले असतील. रोलांदबाई परत आल्या त्या लंगडत, पण चेहऱ्यावर शेळी विकल्यासारखं समाधान.

माहितीपट गावच्या सभागृहात दाखवला तो ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे अगदी मोक्याच्या वेळी. इतकी गर्दी व्हेद्रेनच्या स्वतःच्या एकाही चित्रपटाला झालेली नव्हती. लोक चष्मे पुसून आले होते. टपालवाल्याने पक्षी बघायची दुर्बीण आणली होती. सोलेन भारावून गेली. व्हेद्रेनचं बालपण, त्याचा बाप, पॅरिसमधली उपासमार, बदक, सगळं गावाने नम्रपणे सहन केलं. मग पडद्यावर जंगल आलं आणि सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या.

रोलांदबाई चालताना दिसल्या, या वेळी समोरून, नव्या केसांत. एका ओकजवळ थांबल्या. जमिनीजवळची मोठी फांदी मोडलेली, बुंध्यावर जुनी जखम. "कोपर वादळात गेला," त्या पडद्यावरून म्हणाल्या. पुढे काहीतरी बोलल्या. ते कोणी ऐकलं नाही. सगळे मागच्या बाजूला बघत होते.

"गिरणीचा ओढा आहे तो," माझ्या मागे कोणीतरी पुटपुटलं.

"गप. डावीकडे नेचे बघ."

"नेचे सगळीकडे असतात."

"असे नसतात."

जेराल्द उठून पडद्याच्या इतक्या जवळ गेला की क्षणभर त्याच्या टकलावर रोलांदबाईंचा चेहरा पडला. दिवे लागले तेव्हा टाळ्या थोड्या उशिराच सुरू झाल्या, कारण लोकांच्या मनात नकाशे चालू होते.

त्यानंतर पहिला चांगला पाऊस पडून गेला, ऊन आलं, आणि मी सकाळी गिरणीच्या ओढ्याकडे फिरायला गेलो. सहज. तिथे टपालवाला सहज आला होता. मादाम फार्ज सहज आल्या होत्या. पाद्री साहेब प्रार्थनेचं पुस्तक उघडून सहज उभे होते, उलटं धरून. नेच्यांच्या मागून जेराल्द रांगत बाहेर आला आणि आम्हाला बघून म्हणाला, "ट्रॅक्टरचा पाना पडला इथे माझा." आम्ही सगळ्यांनी थोडा वेळ त्याचा पाना शोधला. कोणी कोणाला काही विचारलं नाही. मोडक्या फांदीचा ओक मधोमध उभा होता आणि त्याच्याखाली खाण्याजोगी एकही वस्तू नव्हती.

"अजून वर यायची असेल," मादाम फार्ज म्हणाल्या. "म्हणजे हवा. थंड हवा."

"येईल, येईल," पाद्री साहेब म्हणाले.

मी बुटाच्या टाचेने जमीन जरा उकरली. माती काळीभोर होती. मला हसू आलं आणि ते खोकल्यात घालवायला लागलं. म्हणजे म्हाताऱ्याची जागा जिथे होती तिथेच होती, आणि कॅमेरा तिच्या आसपासही गेला नव्हता. मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला मातीबद्दल काय माहीत आहे हेही सांगावं लागलं असतं. सगळे त्या ओकखाली पंधरवडाभर सहज जात राहिले. आजही काही जण जातात.

त्या सकाळी घरी येऊन मी माहितीपट पुन्हा लावला, या वेळी झाडाकडे न बघता. सोलेनने विचारलेलं ऐकू येतं, "त्यांनी इथे शेवटी जमीन का दाखवली?" रोलांदबाई त्या भलत्याच झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून म्हणतात:

"गुडघे गेले होते हो त्याचे. मी आणि तो बेल्जियमचा पोरगा, आम्ही त्याला शेणाच्या हातगाडीतून आणला. आत गोणपाट घातलं होतं. म्हातारा म्हणाला, रोलांद, आता मला इथे येता येणार नाही, पण मला ही जागा एकदा नीट बघायचीय. बघायला त्याला दुसरं काही येतच नव्हतं ना, कॅमेऱ्यातूनच बघायचा. मी म्हटलं, बघा. मी बाजूला होते. तर म्हणाला, नको, तुम्हीपण असू द्या त्यात."

इथे त्या कॅमेऱ्याकडे पाठ करतात. सवयीने केली की डोळे पुसायला, हे मला कितीही वेळा बघून ठरवता आलेलं नाही. झाड खोटं होतं. बाकी त्या मिनिटात खोटं काही नव्हतं. पॅरिसच्या समीक्षकांनी याच प्रसंगाला सत्याचा क्षण म्हटलं. एरवी मी त्यांची थट्टा करतो, या खेपेला करत नाही.

सप्टेंबरच्या एका गुरुवारी दुकानात चांगली रांग होती. सोलेन आली. माहितीपट संपून गेला होता, तिचं गावात काही काम उरलं नव्हतं. चांगल्या बुटांची रया गेलेली, केसांत काटक्या, हातात रोलांदबाईंची जुनी टोपली, वर फडकं. तिच्या मागेच जेराल्द उभा होता, पाठदुखीचं औषध घ्यायला. रांगण्याने पाठ धरते.

"मस्यू पेराक, जरा बघता का?" ती म्हणाली. तिने फडकं बाजूला केलं.

काळी डोकी. मुठीसारखी घट्ट. आणि देठांना, न तासलेल्या, पॅरिसच्या माणसाने उपटावेत तशा उपटलेल्या देठांना, ओली लाल माती.

मी वर बघितलं. ती शांतपणे माझ्याकडे बघत होती, मान जराशी कलती. दुकानाच्या काचेतून समोर बाजार दिसत होता, आणि बाजारात चीजच्या मागे रोलांदबाई, पाय स्टुलावर, गिऱ्हाइकाशी बोलत. त्यांचं तोंड पलीकडे होतं. मला त्यांची पाठ दिसत होती.

"काय मिळालं हो पॅरिसला?" जेराल्द मागून मान लांब करू लागला.

"कडू जात," मी म्हणालो. खोटं नव्हतं. टोपलीत एक कडू अळंबी खरंच होती, जी दिसते सेपसारखी आणि आख्खं ऑम्लेट वाया घालवते. नवशिक्याच्या टोपलीत ती असायचीच. मी ती उचलून जेराल्दच्या हातात दिली. "चाटून बघ."

जेराल्दने चाटलं आणि तोंड वेडंवाकडं करत दारापाशी थुंकायला गेला. तेवढ्या वेळात मी सुरी काढली, एकेक देठ तासला, माती हाताने गोळा करून टेबलाखालच्या डब्यात टाकली आणि वर कालचं वर्तमानपत्र दाबलं. इतकी वर्षं मी त्या मातीचा माग काढत होतो. ती आता माझ्या कचऱ्याच्या डब्यात होती.

"बाकीच्या उत्तम आहेत," मी म्हणालो. "लसूण, थोडी पार्सली, आणि अक्रोडाचं तेल जपून घाला. देठ मात्र पुढच्या वेळेपासून तिथेच साफ करत जा."

"तिथे म्हणजे कुठे?" जेराल्द तोंड पुसत परत आला होता.

"जिथे सापडतील तिथे," सोलेन म्हणाली आणि फडकं पुन्हा नीट झाकलं. मग दाराबाहेर पडताना तिने मोठ्याने, अगदी व्हेर्नाकच्या माणसासारखी, एका कुत्र्याला हाक मारली. रस्त्यावर कुत्रं कुठेच नव्हतं.